मॅडमचं रक्त

गोदातीर विद्यापीठातून प्राणिशास्त्र घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येकाने औंढेकर मॅडमचं रक्त पाहिलेलं होतं. ही बोलण्याची रीत नव्हे, खरोखर पाहिलेलं होतं. रक्ताच्या प्रॅक्टिकलला मुलं स्वतःच्या बोटाला सुई टोचायला घाबरत, एकमेकांना पुढे ढकलत, आणि मॅडम काही न बोलता पहिली सुई आपल्याच बोटाला टोचून मोकळ्या होत. तो थेंब काचेवर ओढायचा, वाळवायचा, त्यावर लीशमनचा जांभळा रंग घालायचा आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून वर्गाला म्हणायचं, "या, बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला? दिसेल ते सांगा, पुस्तकात आहे ते नको." मॅडम वर्षभर आमचं रक्त आटवतात आणि एक दिवस स्वतःचं दाखवतात, असं मुलं पाठीमागे म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पुढे कॉलेजांच्या प्रयोगशाळा एकेक करून बंद पडल्या. शिक्षकांच्या जागा भरल्या जाईनात, मुलांना शहरात खोली घेऊन राहणं परवडेना. मग विद्यापीठाने 'ओघ' सुरू केला. ओघ म्हणजे घरबसल्या थेट तास. मुलांना एक छोटा सूक्ष्मदर्शक, काचा, सुया आणि रंगाची बाटली असा डबा घरपोच मिळे. सूक्ष्मदर्शकावर मोबाइल बसवला की पोराच्या काचेवर जे असेल ते तिकडे मॅडमच्या टेबलावरच्या पडद्यावर हजर.

अडचण एकच होती. डोंगराकडच्या गावांतून एवढं बारीक चित्र अखंड पाठवणं नेटवर्कला झेपत नव्हतं. त्यावर तोडगा काढला ओघ-विभागाच्या समीर काझीने. हा तरुण इंजिनिअर बोलायला गोड आणि कामाला वाघ होता.

"चित्र पाठवायचंच नाही, मॅडम. निरोप पाठवायचा," तो म्हणाला. मोबाइल काच बघेल, ओळखेल आणि नुसता निरोप धाडेल, की इथे तांबडी पेशी आहे, तिथे पांढरी, अमुक जातीची, एवढी मोठी, अशी वळलेली. इकडचं यंत्र निरोप ऐकून चित्र नव्याने काढेल. मुलालाही मोबाइलवर तेच चित्र दिसेल, म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा एकच गोष्ट बघतील. "असं बघा, तुमची बहीण फोनवर म्हणते, आज पुरणपोळी केली. तुम्हाला पोळी दिसते की नाही? तिने काही फोटो पाठवलेला नसतो."

"दिसते. पण ती माझ्या आईच्या हातची दिसते," मॅडम म्हणाल्या.

काझी हसला. मॅडमही हसल्या. त्या वाक्याचा पुढे विचार करावा असं दोघांनाही वाटलं नाही, आणि नंतर मॅडमना सर्वांत जास्त टोचलं ते हेच.

यंत्राला पेशी काढायला शिकवायच्या तर उत्तम काचा हव्यात. त्या मॅडमच्या कपाटात होत्या, वर्षानुवर्षांच्या, पापुद्र्यासारख्या पातळ ओढलेल्या, आणि बहुतेक त्यांच्याच रक्ताच्या. एक सबंध उन्हाळा मॅडम काझीशेजारी बसून पडद्यावरच्या पांढऱ्या पेशींवर बोट ठेवून जाती सांगत होत्या: ही न्यूट्रोफिल, ही लिम्फोसाइट. आणि मधूनच, "ही घाण. रंग न गाळता घातला की अशी जांभळी धूळ बसते, पोरं हमखास तिला पेशी समजतात. हे काढून टाक." काझी काढून टाकत होता. कामाच्या बाबतीत मॅडम नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. यंत्रही तसंच तयार झालं.

हीच युक्ती काझीने शिकवणाऱ्यांच्या चेहऱ्यालाही लावली. मॅडमच्या जुन्या तासांवरून यंत्र त्यांचा चेहरा शिकलं आणि थोड्या निरोपावर तो काढू लागलं. पडद्यावरच्या मॅडमच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं नव्हती, शब्दाला शब्द अडखळत नव्हता. "ओघातल्या मॅडम घरी पाठवा आणि या इथे राहू द्या," असं स्टाफरूममध्ये चिडवणं चाले. मॅडम "मेल्यांनो" म्हणून चहा पीत. त्यांना तो चेहरा आवडला होता, हे खोटं कशाला सांगा.

यशोधरा मुनेश्वर ही किनवटच्याही पलीकडच्या एका लहान गावातली दुसऱ्या वर्षाची मुलगी. वडील टेम्पो चालवायचे, आई अंगणवाडीत होती. ओघात शेकडो चेहरे असत, पण ही मुलगी मॅडमच्या लक्षात राहिली होती, कारण ती शंका विचारी. नको तिथे विचारी, असंही मॅडमना कधी वाटे.

त्या वर्षीच्या रक्ताच्या प्रॅक्टिकललाही मॅडमनी आधी स्वतःला सुई टोचून घेतली आणि मग सगळ्यांना काचा करायला लावल्या. पांढऱ्या पेशी मोजायच्या होत्या. तांबड्या पेशींच्या गर्दीत पांढरी एखादीच असते, काच सरकवत शोधावी लागते. अशा शंभर शोधायच्या आणि त्यांत कोणत्या जातीच्या किती ते सांगायचं. त्यांतली बेसोफिल नावाची काळपट दाण्यांनी भरलेली पेशी तर इतकी दुर्मीळ की शंभरात एक सापडली तरी पोरं खूश.

"मॅडम, मला शोधायलाच लागत नाहीत," यशोधरा म्हणाली. "पांढऱ्याच पांढऱ्या दिसतात. जिथं बघावं तिथं. आणि बेसोफिल नऊ भरले."

वर्गातल्या चौकटी हसल्या. मॅडमनी तिची काच मोठ्या पडद्यावर घेतली. सुंदर काच होती. तांबड्या पेशी सुट्या सुट्या, मध्ये नेमकी एक पांढरी. पुस्तकात छापावी अशी.

"कुठे आहेत गं तुझ्या नऊ? मला तर एक दिसत नाही."

"मोबाइल लावला की नाही दिसत, मॅडम. मोबाइल काढून भिंगातून डोळ्यानं बघितलं की दिसतात."

मॅडमच्या मनात उत्तर तयारच होतं. गेली कित्येक वर्षं ते दर वर्गात कुणाला तरी द्यावं लागत होतं. "रंग गाळला नाहीस. तुला दिसतेय ती धूळ आहे, बाळ. ओघ ती काढून टाकतो म्हणून पडद्यावर दिसत नाही."

"गाळला होता, मॅडम. दुसरी काच पण केली. तसंच आहे."

"यशोधरा, तुझ्या त्या एवढ्याशा भिंगापेक्षा माझा पडदा शंभरपट चांगला आहे. मी बघते आहे ना? काही नाहीये. पडद्यावर बघ आणि पुन्हा मोज."

मुलीने पडद्यावर बघून पुन्हा मोजलं. आकडे जसे यायला हवे तसे आले. मॅडमनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर शाबासकीही दिली, काच फार छान ओढलीस म्हणून.

पुढच्या सत्रात यशोधरा तासाला अधूनमधून दिसेनाशी झाली. असली तरी शंका विचारीत नसे. मॅडमना वाटलं, अक्कल आली. मग उन्हाळ्यात, परीक्षेच्या तोंडावर, विभागात तिच्या आईचा फोन आला. पोरीला परीक्षा पुढे ढकलून मिळेल का, असं ती विचारत होती. "शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हाव, मॅडम. रक्ताचा कॅन्सर निघालाय तिला."

मॅडमनी हॉस्पिटलच्या रक्तविभागातल्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हा आजार आधी बराच काळ अंगात दबा धरून असतो. माणूस जरा थकतो, वजन उतरतं, एवढंच. पण रक्तात पांढऱ्या पेशींची जत्रा भरलेली असते, बेसोफिल वाढलेल्या असतात. "त्या वेळी सापडला की रोजची एक गोळी, आणि माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, मॅडम. हिचा आता भडकलाय. आम्ही प्रयत्न करतोय, पण हाती काही लागेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वर्षभरात कुणी हिच्या रक्ताची एक काच जरी पाहिली असती ना."

फोन ठेवल्यावर मॅडमनी रक्ताच्या प्रॅक्टिकलची तारीख शोधली. मग त्यांनी त्या दिवसाच्या तासाची चित्रफीत काढली. यशोधराची काच पुन्हा पडद्यावर आली, तशीच सुंदर, तशीच निर्दोष. मॅडमना हायसं वाटलं. म्हणजे त्या वेळी खरंच काही नव्हतं. आपण चुकलो नव्हतो. लाज वाटावी इतकं हायसं वाटलं.

तरी शिक्षकी सवयीने त्या चित्राकडे बघत राहिल्या. मधल्या त्या पांढऱ्या पेशीचं केंद्रक पाच गाठींचं होतं, आणि पाचवी गाठ मागे वळून पहिलीला टेकली होती. अशी पेशी रोज दिसत नाही. पण मॅडमनी ती पाहिली होती. एका जुन्या काचेवर त्यांना ती सापडली होती आणि त्या वर्षीच्या वर्गाला त्यांनी कौतुकाने दाखवली होती. त्या काचेवरचं रक्त त्यांचं होतं.

त्यांनी चित्र थोडं सरकवलं. शेजारची घडी पडलेली तांबडी पेशीही ओळखीची निघाली.

काझीला बोलावलं तेव्हा तो आधी वाद घालायला लागला आणि मग बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं. यंत्राने आजारी रक्त कधी पाहिलंच नव्हतं, तो म्हणाला. त्याला शिकवलेल्या सगळ्या काचा निरोगी. एवढ्या जांभळ्या ठिपक्यांची गर्दी दिसल्यावर त्याच्यापुढे दोनच शब्द होते, पेशी किंवा धूळ. इतक्या पेशी असूच शकत नाहीत असं ते शिकलेलं, म्हणून त्याने बहुतेक ठिपके धूळ ठरवून पुसले. उरल्या त्यांचा निरोप पाठवला, आणि इकडे त्या निरोपाला सर्वांत जवळची जी पेशी ठाऊक होती ती काढली.

"म्हणजे मी तिचं रक्त बघितलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "मी माझंच बघत होते."

"मूळ चित्र कुठे साठवलेलंही नसतं, मॅडम. ते मोबाइलमधून बाहेरच पडत नाही."

पण काच होती. मुलांनी सत्राअखेर आपल्या काचा विभागात जमा करायच्या, ही जुनी रीत ओघातही कुणी मोडली नव्हती. फक्त आता त्या पोस्टाने येत आणि कुणी उघडत नसे, कारण गुण ओघावरच लागलेले असत. मॅडमनी आणि काझीने मिळून खोक्यांचा ढीग उपसला. मुनेश्वर नावाची पेटी सापडली. मॅडमनी प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी ओढला, काच लावली आणि डोळा टेकवला.

शोधावंच लागत नव्हतं. जिथं बघावं तिथं पांढऱ्याच पांढऱ्या. अर्धवट वाढलेल्या, मोठ्या, लहान, एकमेकींना खेटून बसलेल्या. रंग अगदी स्वच्छ गाळलेला होता, धुळीचा एक कण नव्हता. मॅडमनी शंभर मोजल्या. मोजताना डोळ्यांना पाणी येत होतं म्हणून मध्ये दोनदा थांबावं लागलं.

कुलगुरू भला माणूस होता, म्हणूनच त्याच्याशी बोलणं अवघड गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ओघ बंद केला तर गावागावांतली मुलं जातील कुठे, मॅडम? दहा वर्षांपूर्वी ही मुलगी शिकलीच नसती," तो म्हणाला. ते खरंच होतं. काझी यंत्र दुरुस्त करेल, त्याला आजारी रक्तही शिकवेल, मूळ चित्र बघायची सोय देईल, खोक्यातल्या साऱ्या काचा तपासून होतील. सगळं त्याने मान्य केलं. फक्त त्या मुलीच्या घरी काही बोलू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "ओघ शिकवण्यासाठी आहे, निदानासाठी नाही, हे नियमात स्पष्ट आहे. तुमच्यावर काही येत नाही. सांगून तिचा आजार मागे फिरणार आहे का?"

फिरणार नव्हता. मॅडमनी तेही मनाशी घोळवून पाहिलं होतं. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं, आणि तिच्या घरच्यांच्या मनात औंढेकर मॅडम देवमाणूस राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या तासाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना सांगून टाकलं. मुलीचं नाव घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. बोलता बोलता आवाज फुटला, वाक्यं अर्धी राहिली, पदराने तोंड पुसावं लागलं. "मी चुकले. तुमच्या डोळ्याला दिसेल ते खरं धरा, माझ्याशी भांडा," एवढं कसंबसं म्हणून त्या खाली बसल्या. थोड्या वेळाने मुलांचे निरोप येऊ लागले. छान समजावलंत, मॅडम. केस स्टडी आवडली. एकाने विचारलं होतं, हा भाग परीक्षेला आहे का?

मॅडमनी काझीला मुलांकडे काय गेलं ते लावायला सांगितलं. पडद्यावर ओघातल्या औंढेकर मॅडम आल्या. काळी वर्तुळं नाहीत, केस जागच्या जागी. प्रसन्न चेहऱ्याने, एकाही ठिकाणी न अडखळता, त्या आपली चूक सांगत होत्या. हुंदका ओघाने खोकल्यासारखा काढून टाकला होता.

"बंद कर," मॅडम म्हणाल्या, आणि पर्स उचलून रिक्षाला हात करायला गेल्या. फोनवरून सांगण्याचा विचार होता, तो त्यांनी सोडला.

हॉस्पिटलात यशोधरा खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, हातात सुईची नळी. ओघातल्या चौकटीत तिचं डोकं तेवढं दिसायचं. ती इतकी लहान चणीची असेल असं मॅडमना वाटलं नव्हतं. आईने लगबगीने स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा, मॅडम. तुमी सोता इथवर आलाव." मग पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवला, तरी तिला ऐकू जातच होतं. "डॉक्टर पुसतेत, इतका उशीर कामून केला. काय सांगू त्याहीला? पोरगी म्हणायची, आई, दमल्यासारखं होतंय. म्या म्हनलं, कामाच्या वक्ताला बरी दमतीस. एकदा हात पण उचलला, मॅडम. आता रात सरत नाही बगा. मायला नाही समजलं त कोनाला समजंल?"

कुलगुरू म्हणाला होता, सांगून काय होणार. हे होणार होतं. मॅडमनी आईचा हात धरला.

"ताई, तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. मला होता. गेल्या वर्षी हिने स्वतःचं रक्त बघितलं, तेव्हाच तिला त्यात काहीतरी निराळं दिसलं. तिने मला विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं. मी यंत्रावर भिस्त ठेवली आणि तिला गप्प केलं. तिची काच माझ्याकडे पडून होती, ती मी आत्ता उघडून बघितली. तेव्हाच बघितली असती तर एका गोळीवर भागलं असतं. हा उशीर तुमचा नाही, माझा आहे."

आईला आधी समजलंच नाही. ती मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पदराखाली नेला.

यशोधरा मात्र मुळीच दचकली नाही. "इथं आल्यावर डॉक्टरांनी मला माझ्या रक्ताची नवी काच दाखवली," ती म्हणाली. "मीच हट्ट केला होता. बघितल्याबरोबर ओळखलं, मॅडम. त्या दिवशी भिंगातून दिसलं ते हेच." मग तिने विचारलं, "तुम्ही मोजलंत?"

"मोजलं."

"बेसोफिल किती भरले?"

"दहा."

"मला नऊ मिळाले होते. म्हणजे माझं बरोबर होतं."

"बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. मुलीच्या चेहऱ्यावर, एवढ्या आजारातही, पहिला नंबर आलेल्या पोराचा आनंद क्षणभर दिसला, आणि तो बघवेना म्हणून मॅडमनी मान खाली घातली.

आई उठून खाटेपाशी गेली. मॅडमकडे तिची पाठ होती. पोरीचा सरकलेला रुमाल तिने नीट बांधला, आणि बांधता बांधता अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग घरी कामून नाही सांगितलंस, यशू? तुला दिसलं व्हतं त मला त सांगायचं."

"काय सांगू, आई," यशोधरा म्हणाली. "मॅडमनी बघितलं होतं ना."